दिवसा बांधलेली रात्र

कापणी सुरू झाली की आमच्याकडच्या हवेला भाताच्या तणसाचा वास लागतो. गोड, ओलसर, थोडा कुजकट. बाहेरगावच्या माणसाला तो फार आवडतो. तो छाती भरून घेतो आणि मग दोन दिवस शिंकत बसतो. एके काळी मलाही आवडायचा. गेली सात वर्षं मात्र हा वास नाकात शिरला की मला आधी आठवतं ते काळं कापड. लग्नाच्या मांडवाला लावतात तसलं नव्हे. जाड, मेणचट, उजेडाला थाराच न देणारं. त्या कापडानं माझ्या डोळ्यांदेखत भर दुपारी रात्र बांधली होती, आणि त्या रात्रीत माझे बाबा नऊ वेळा मेले होते.

मी आरमोरीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. कापणीला गावी येते, कारण माय एकटी असते, मजूर मिळत नाहीत, आणि खरं सांगायचं तर कापणी चुकवायची माझी हिंमतच होत नाही. गडचिरोलीहून वैनगंगेचा पूल ओलांडून एसटी सावली तालुक्याच्या बाजूला लागली की दोन्हीकडे धानाच्या पिवळ्या बांध्या, म्हणजे खाचरं, दिसायला लागतात. कुठे धान उभं, कुठे कापून त्याच्या कडपा, म्हणजे मुठी, पसरलेल्या, कुठे त्यांची रास करून पुंजणं रचून झालेलं. समोरून लोहखनिजाचे ट्रक येतात, त्यांना वाट देताना आमची एसटी मातीत उतरते. आमच्या गावाच्या अलीकडे, नदीच्या अंगाला, एक गढी आहे. गढी म्हणजे काय, तर तीन भिंती, एक बुरूज, एक दालन आणि भरपूर वटवाघळं. लहानपणी आम्ही तिथे बोरं वेचायला जात असू. ती कोणी बांधली, कधी बांधली, हे गावात कोणालाच ठाऊक नाही आणि त्यावाचून कोणाचं काही अडलंही नाही. सात वर्षांपूर्वी मुंबईच्या सिनेमावाल्यांचं अडलं.

त्यांना एक खुनी राजा दाखवायचा होता आणि त्याला राहायला पडकी जागा हवी होती. सिनेमाची गोष्ट दिग्दर्शकानं ग्रामपंचायतीत बसून सगळ्यांना सांगितली. जुन्या काळचा एक राजा. गादीसाठी तो थोरल्या भावाला मारतो, तेही नव्या भाताच्या पंगतीत, घास हातात असताना. मग त्या भावाचा माणूस म्हणून एकाला, त्याच्यावर रडला म्हणून दुसऱ्याला. मारायची त्याला सवयच लागते. पण दरवर्षी नवा भात शिजला की मेलेले एकेक करून पंगतीला येऊन बसतात. सगळ्यांच्या पुढे थोरला भाऊ. तो राजाचा गळा धरत नाही, ओरडत नाही. फक्त विचारतो, ‘माझं ताट कुठं आहे?’ राजा ताटं वाढत सुटतो, ताटं पुरत नाहीत, आणि शेवटी त्या पंगतीतच तो मरतो.

गोष्ट संपल्यावर चहा आला. मग म्हातारे मडावीबाबा म्हणाले, "आमच्या राजानं तर तलाव खोदले जी. भावाले मारलं असं काई आयकलं नाई." दिग्दर्शक बिचारा तरुण होता, सभ्य होता. हा राजा कुठलाच नाही, कल्पनेतला आहे, असं त्यानं समजावलं. "मंग ठीक आहे," मडावीबाबा म्हणाले, "कल्पनेतला असन तर मारू द्या."

माझ्या बाबांना ती गोष्ट ऐकून झोप लागली नाही. बाबा झाडीपट्टीचे नट. मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या दिवसांत, दिवाळी झाली की गावोगाव नाटकं लागतात, त्यांत तीस वर्षं ते राजा झाले होते. पुठ्ठ्याचा मुकुट, भरजरी झगा, आणि बिनामाईकही मैदानाच्या शेवटच्या पोत्यावर बसलेल्या माणसापर्यंत पोचणारा आवाज. एरवी धान पिकवायचे, बैलांशी गप्पा मारायचे, आणि मायला घाबरून असायचे. त्यांचं नाव सोमाजी. गाव त्यांना सोमाजीभाऊ म्हणायचं आणि मंडई आली की तेच गाव राजेसाहेब म्हणायचं. आमच्या घरात मला एक गोष्ट फार लवकर कळली होती, की राजेपण हे फडताळात घडी करून ठेवता येतं.

गावातल्या नटांची चाचणी झाली तेव्हा बाबांनी गढीच्या दालनात राजाचं भाषण म्हणून दाखवलं. वटवाघळं उडाली. दिग्दर्शकानं हात जोडले आणि म्हणाला, "काका, अप्रतिम. पण थोडं कमी." बाबांनी कमी केलं. "आणखी कमी." तेही केलं. तिसऱ्यांदा कमी केल्यावर बाबांच्या तोंडून जो आवाज निघाला तो आम्ही घरात कोणी कधी ऐकला नव्हता. आजाऱ्याला उठवताना काढतात तसला. "हाच," दिग्दर्शक म्हणाला. राजाचं काम मुंबईचा नट करणार होता. बाबांना मिळाला मेलेला थोरला भाऊ, आणि बोलायला ते एकच वाक्य.

मला वाटलं, बाबा नाही म्हणतील. तीस वर्षं राजा झालेल्या माणसानं मेलेला भाऊ व्हायचं आणि एका वाक्यावर भागवायचं. पण त्या रात्री जेवताना ते मायकडे न बघता म्हणाले, "नाटकातला आवाज हवेतच जाते. सिनेमातला राह्यते. मी मेल्यावरई माया आवाज राहीन ना." माय म्हणाली, "मरायच्या गोष्टी जेवताना काऊन करता जी?" तिला ते बोलणं आवडलं नव्हतं. पण बाबांना काय हवं होतं ते मला त्या एका वाक्यात समजलं.

मग तो सगळा हंगाम आम्ही ते वाक्य ऐकत काढला. धान कापताना बाबा म्हणत, ‘माझं ताट कुठं आहे?’ कडपा बांधताना म्हणत. बैलांना म्हणत. एकदा मायनं खरंच ताट पुढे सरकवून दिलं आणि म्हणाली, "हे घ्या, अन् गप जेवा." दिवाळीची सुटी होती म्हणून मी गावीच होते, आणि दिग्दर्शकानं मलाही कामाला लावलं. गावातल्या बायांना उभं कुठे राहायचं ते सांगायचं, आणि नटांच्या तोंडचे शब्द फार पुणेरी झाले तर टोकायचं. मी डोक्याला गॉगल लावून हिंडायची. आठवलं की आजही मान खाली जाते.

सिनेमा भुताचा, म्हणजे सगळं रात्रीचं. पण आमच्याकडे कापणीच्या दिवसांत पाच वाजले की बांधीत कोणी राहत नाही. वाघ फिरतो. त्या वर्षी पलीकडच्या शिवारात धान कापताना एका बाईला त्यानं उचललं होतं. त्यामुळे संध्याकाळनंतर शूटिंगला परवानगी मिळाली नाही. मग त्यांनी दालनाच्या खिडक्या, दारं, छताची भोकं, सगळी त्या काळ्या कापडानं बंद केली. बाहेर लख्ख ऊन, माणसं धान कापून राहिलेली, आणि आत पाऊल टाकलं की अमावस्या. फरशीवर पाणी मारलेलं, म्हणजे मशालीचा उजेड चमकतो. आमच्या बाया आत जाताना पदर सावरायच्या आणि बाहेर येऊन उन्हात उभ्या राहायच्या, हात चोळत. "दिवसाची रात केली, हे काई बरं नाई," असं एकदोघी म्हणाल्याही. मी त्यांना अंधश्रद्धा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. शिक्षिकेला संधी मिळाली की ती सोडत नाही.

आता ती हाकेची गोष्ट सांगायला हवी. बाबांच्या नाटक मंडळीत एक रीत होती. ती पुस्तकात कुठे नाही, पण त्या मंडळीत कधी मोडली गेली नाही. जो रंगमंचावर मेला, त्यानं पडदा पडला तरी आपणहून उठायचं नाही. त्याच्या जिवाभावाच्या कोणीतरी जवळ जाऊन त्याच्या खऱ्या नावानं हाक मारायची. भूमिकेच्या नाही, घरच्या. त्यानं ओ द्यायची, ‘हाओ, इथीच आहो.’ मग तोंडावर पाणी मारायचं आणि उठायचं. बाबांना हाक मारायचे ते पेटीवाले गणपतभाऊ, त्यांचे बालमित्र. पेटी बाजूला सारून ते वाकून म्हणायचे, "सोम्या." आणि मेलेला राजा डोळे मिटलेलेच ठेवून म्हणायचा, "हाओ, इथीच आहो." लहानपणी मी विंगेत बसून या घटकेची वाट बघायची. मरण मला कळत नव्हतं, पण परत येणं कळत होतं.

सिनेमातल्या सीनमध्ये बाबांनी मेलेलं पडून राहायचं होतं, राजा जेवत असताना तसंच उठायचं होतं, आणि वाक्य म्हणायचं होतं. बाबांना वाक्याची चिंता नव्हती. आदल्या दिवशी पुंजण्यापाशी बसून ते मला म्हणाले, "हाक न येता उठा लागते ना व. हे मले जमून नाई राह्यलं."

"बाबा, भूत आहे तो. भुताला कोण हाक मारते?"

"भूत त्या राजासाठी आहे. मायासाठी नाई." थोडा वेळ ते तणसाची काडी मोडत बसले. गणपतभाऊ त्या वर्षी लेकाकडे नागपूरला होते. "उद्या तू गणपत हो. सीन झाला का तिथीच येऊन हाक मार. नावानं मार, बाबा म्हनू नको."

मी हो म्हटलं. बापाला त्याच्या नावानं हाक मारायची या कल्पनेनं मला हसू आलं होतं. पण मी हो म्हटलं, हे खरं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो सीन झाला. तोंडाला पांढरी राख फासून बाबा ओल्या फरशीवर पडले. राजानं घास उचलला. बाबा उठले, वाक्य म्हणाले. "कट." मी पाऊल उचललं. पण शेजारी मुंबईचे चार सहायक उभे होते, कानाला यंत्रं लावलेले, माझ्याशी नीट मराठीत बोलणारे. त्यांच्यासमोर मी पुढे होऊन, वाकून, ‘सोमाजी’ म्हणणार? मला त्यांचं हसणं आधीच ऐकू आलं. आणि तेवढ्यात "वन मोअर" झालं. मी मनाशी म्हटलं, शेवटच्या टेकला मारू. दुसऱ्यांदा मशाल विझली. तिसऱ्यांदा राजाला ठसका लागला. चौथ्यांदा काय झालं ते आठवत नाही. प्रत्येक वेळी बाबा फरशीवर पडल्या पडल्या माझ्या बाजूला बघायचे. राखेतून त्यांचे डोळे तेवढे दिसायचे. आणि प्रत्येक वेळी मी हातातल्या कागदात काहीतरी बघायची.

आठ टेक झाल्यावर शेजारच्या बांधीत कोणीतरी मळणीयंत्र सुरू केलं. त्याचा आवाज आत यायला लागला, तेव्हा ते बंद करायला सांगायला मला पाठवलं. मी धावत गेले. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. तिथे गावातल्याच काकांशी हुज्जत घालून मी परत आले तोवर नववा टेक होऊन गेला होता आणि माणसं काळं कापड उतरवत होती. दालनात ऊन आलं होतं. बाबा बाहेर बोरीखाली बसून पदरानं तोंड पुसत होते. पदर मायचा होता. ती त्या सीनमध्ये दासी होती, कापडामागे इतर बायांबरोबर उभी.

"बाबा, हाक राहून गेली," मी म्हटलं.

"राहू दे," ते म्हणाले. "झालं ते."

मायनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी समजले, दोघंही माझ्यावर रागावले आहेत. सात वर्षं मी तसंच समजत होते.

त्यानंतरचा हिवाळा मला तुकड्यातुकड्यानं आठवतो. मंडई आली, पण बाबांनी नाटक घेतलं नाही. पुंजण्यापाशी खाटेवर बसून राहायचे. चुरणं, म्हणजे मळणी, झालं, धान घरात आलं, ते तिथेच बसलेले. हाक मारली तर एका हाकेत ओ द्यायचे नाहीत, दोनदा मारावी लागायची. आवाज तोच राहिला होता, तो कमी केलेला. मी आरमोरीहून फोन केला की माय म्हणायची, "बरे आहेत. बोलत नाईत." पौषात खोकला लागला, माघात ताप. गडचिरोलीला नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरून समजावलं. मला सगळं समजलं. फुप्फुसं, वय, उशीर. मी शिकलेली आहे, मला समजायलाच हवं होतं. पण ज्या दिवशी आम्ही त्यांना नदीवर पोचवून आलो, त्या रात्री अंथरुणात माझ्या डोक्यात फुप्फुसं नव्हती. नऊ वेळा मेलेला माणूस होता, आणि त्याला एकदाही न मारलेली हाक.

असल्या गोष्टी कोणाला सांगता येत नाहीत. शाळेत सांगितल्या तर मुख्याध्यापक हसतील. मायला तर सांगायची सोयच नव्हती. ती बाबांचं नावही घेत नाही. म्हणजे कधीच घेतलं नाही. तिच्या पिढीत नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं धरतात. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. रेशनच्या दुकानात कोणी विचारलं तर ती माझ्याकडे बोट दाखवते आणि म्हणते, "हिच्या बापाचं." पुढे तिला कानानं कमी ऐकू यायला लागलं. माणसाच्या तोंडाकडे एकटक बघून ती बोलणं ओळखायला शिकली. नव्या माणसांना वाटतं बाई फार रोखून बघते. आमचं बोलणं आधीच थोडं होतं, ते आणखी थोडं झालं. कापणीला मी यायची, दोघी धान कापायचो, नवा भात शिजला की ती बाबांच्या नावानं एक पान वाढून ठेवायची आणि मी उठून बाहेर जायची. त्या पानाकडे मला बघवायचं नाही. ते वाक्य आठवायचं.

आणि सिनेमा? तो डब्यात पडून राहिला. का, ते कळलं नाही. मी हळूहळू देवाकडे एवढंच मागायला लागले की तो तिथेच कुजू दे.

यंदा दिवाळीत तो मोबाइलवर आला. सातवीतल्या एका मुलीनं मला सांगितलं, "बाई, तुमच्या गावची गढी आहे त्याच्यात." मी घरी येऊन दार लावलं आणि पाहिला. गढी ओळखू येत नव्हती. राजा चांगला मरतो. माझी माय दोन वेळा दिसते, एकदा अर्धी. आणि पंगतीचा सीन आला. बाबा फरशीवर पडलेले, पांढरे. राजानं घास उचलला. बाबांनी डोळे उघडले, मान वळवली, एका बाजूला बघत उठले. आणि त्यांच्या तोंडून कोणीतरी दुसराच बोलला. खर्जातला, भारदस्त, शहरी आवाज. ‘माझं ताट कुठं आहे?’

आवाज बदलला होता. कुठल्यातरी स्टुडिओत बसून कोणीतरी माझ्या बाबांच्या तोंडात आपला आवाज घातला होता. ट्रकचा, मशीनचा गोंगाट आत आला असेल, किंवा बाबांची बोली त्यांना चालली नसेल. त्यांच्या बाजूनं बघितलं तर त्यात काही गुन्हा नाही. पण ज्या एका गोष्टीसाठी तो माणूस ओल्या फरशीवर पडला, तीच तेवढी काढून घेतली होती. मी भुतांवर विश्वास ठेवत नाही. तरी सांगते, त्या सिनेमात मला दिसलेलं एकच खरं भूत ते होतं. चेहरा आपल्या माणसाचा, आवाज परक्याचा.

मायला दाखवायचा नाही असं मी ठरवलं. पण गावात मोबाइल काय फक्त माझ्याकडेच आहे? मी कापणीला पोचले तर तिला आधीच कळलेलं. "मले दाखव," ती म्हणाली. मी आज उद्या करत चार दिवस काढले. पाचव्या दिवशी अंगणात चुरणं चालू होतं. मळणीयंत्र धडधडत होतं, भुसा उडत होता, दुपारचं ऊन तणसावर पडलं होतं. माय पायरीवर येऊन बसली आणि हात पुढे केला. नाही म्हणायला कारणं संपली होती. मी तो सीन लावून मोबाइल तिच्या हातात दिला आणि मनात म्हटलं, एक बरं आहे, या मशीनच्या आवाजात तिला काय, मलाही तो परका आवाज ऐकू येणार नाही.

तिनं मोबाइल नाकाजवळ धरला. माणसाकडे बघते तशी रोखून बघत राहिली. सीन संपला. "पुन्हा लाव," ती म्हणाली. मी लावला.

"याईनं ओ देल्ली व," माय म्हणाली.

मला नीट ऐकू आलं नाही. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"ओ देल्ली याईनं. पाह्य ना. इथीच आहो म्हनून राह्यले."

"नाई व माय. ते ताट म्हणतात. माझं ताट कुठं आहे." मी तिला समजेल असं ओठ हलवून म्हटलं. "प्रत्येक टेकला तेच वाक्य होतं."

तिनं माझ्या ओठांवर बोट ठेवलं. "माझं म्हनताना तुये ओठ मिटले. त्याईचे कुठी मिटले?"

मी मोबाइल घेतला. मशीन धडधडत होतं. मी बघितलं, पुन्हा बघितलं. बाबा मान वळवतात, एका बाजूला बघतात. जिकडे काळं कापड होतं, त्या बाजूला. तोंड उघडतं. ओठ एकदाही मिटत नाहीत. वाक्य संपेपर्यंत मिटत नाहीत.

"कोणाला, माय?" मी विचारलं. "हाक तर कोणी मारलीच नव्हती. मी मारायची होती. मी कबूल केलं होतं त्यांना. मला त्या पोरांची लाज वाटली." सात वर्षं गिळलेलं ते वाक्य एवढं लहान निघालं याचं मला नवल वाटलं. मी रडत होते, पण ते भुशामुळे असं म्हणायला जागा होती.

माय माझ्या तोंडाकडे बघत होती. तिनं सगळं वाचलं. मग खाली बघून, पदराचा काठ बोटाला गुंडाळत ती बोलायला लागली.

"म्या मारली. तू गेलती मशीन बंद कराले. ते पडून होते, अन् तुह्या जाग्याकडे पाहून राह्यले होते. तू नव्हती तिथी. मले राहवलं नाई. कापडाच्या आडून हळूच नाव घेतलं." ती थांबली. "लगनानंतर पयल्यांदा. अन् माघात गेले ते. म्याच घेतलं ना व नाव. म्याच त्याईचं आयुष्य तोडलं. तुले कसं सांगू?"

म्हणजे असं झालं होतं. एकाच घरात, एकाच चुलीपाशी, दोन बाया सात वर्षं एकाच माणसाच्या मरणाची आपापली कबुली दाबून बसल्या होत्या. एक म्हणत होती, मी नाव घेतलं नाही म्हणून. दुसरी म्हणत होती, मी घेतलं म्हणून. आणि दरवर्षी नवा भात शिजत होता, पान वाढलं जात होतं, आम्ही एकमेकींची नजर चुकवत होतो. त्या कल्पनेतल्या राजाला निदान भुतं तरी दिसत होती. आम्हाला तीही धड दिसली नाहीत.

मी मायला सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले होते ते, फुप्फुसांचं, पुन्हा एकदा. तिनं मान डोलावली, शिकलेल्या माणसापुढे डोलावतात तशी. तिला ते पटलं असेल असं मला वाटत नाही. मला तरी कुठे पुरतं पटलं आहे? बाबा गेले ते गेलेच. तो हंगाम काही परत येत नाही, आणि आला तरी मी त्या चार पोरांसमोर हाक मारेन याची खात्री मी आजही देणार नाही. पण बोरीखाली बसून ते ‘झालं ते’ म्हणाले होते, त्याचा अर्थ मला त्या पायरीवर लागला. ते रागावलेले नव्हते. त्यांना हाक पोचली होती. जिच्याकडून ती येईल अशी त्यांनी स्वप्नातही आशा केली नसती, तिच्याकडून पोचली होती. मायची अब्रू राखायला त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही, बस.

दिग्दर्शकाला त्या टेकमधलं ते बघणं, उठणं आवडलं असेल; शब्द काय, नंतर घालता येतात. त्या आवाज घालणाऱ्या परक्या माणसाला काय ठाऊक, की त्यानं कुठल्या शब्दांवर आपले शब्द अंथरले.

तीन दिवसांनी आम्ही नवा भात शिजवला. लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी. मायनं पळसाचं पान धुऊन मांडलं, पाट मांडला. दरवर्षी ती हात जोडून नुसतं ‘जेवाले या जी’ म्हणते आणि मी त्याआधीच बाहेर पडते. यंदा मी बसून राहिले. बाहेर ऊन होतं, अंगणात तणसाचा ढीग होता, रस्त्यावरून ट्रक चालले होते. मायनं भात वाढला, डोक्यावरचा पदर नीट केला, आणि भिंतीकडे बघत, स्वतःला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं, म्हणाली, "सोमाजी."

ओ येईल एवढा वेळ आम्ही दोघी थांबलो. मग तिनं भातावर वरण वाढलं.